टोल-फ्री इंदुमावशी

रायपूरला राजधानीचा मान मिळाला आणि मला तज्ज्ञाचा, या दोन्ही गोष्टी साधारण एकाच सुमारास घडल्या. दोघांची तयारीही सारखीच होती. शहरात मंत्र्यांना बसायला धड खुर्च्या नव्हत्या आणि मला शेअर बाजारातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण राज्य नवीन झालं म्हणून वर्तमानपत्रांची पानं वाढली, आणि पानं वाढली म्हणून ती भरणारी माणसं हवी झाली. मी एका हिंदी दैनिकात उपसंपादक होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या बातम्यांना मथळे शोधत बसायचो. एका सकाळी संपादकांनी विचारलं, "कॉमर्स किसने पढ़ा है?" मी हात वर केला. कसा पास झालो ते त्यांनी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यापासून 'नफा-नुकसान' नावाचं सदर माझ्या फोटोसकट छापून येऊ लागलं.

त्या सदरात मी लोकांना सांगायचो की कोणत्या कंपनीत पैसे गुंतवा, कोणता फ्रीज घ्या, मोबाइल आत्ता घ्या की जरा थांबा. माझी स्वतःची गुंतवणूक म्हणजे पोस्टातलं आवर्ती खातं, तेही बायकोच्या नावावर. तेलीबांध्याच्या पलीकडे, अभनपूरच्या अंगाला नवी राजधानी वसणार अशी बातमी आली तेव्हा मी ठासून लिहिलं होतं, की हे सगळं कागदावरच राहील आणि तिकडे जमीन घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे. माझा मेहुणा माझं सदर वाचत नसे. त्यामुळे आज त्याचं तिकडे दुमजली घर आहे. माझी बायको सुषमा त्या घराबद्दल मला कधी टोमणा मारत नाही. तिकडून जेवून परत येताना फक्त वाटभर गप्प असते.

तर अशा या सदराला एक वाचक अशी होती, जी ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची, आणि तेही मोठ्यानं. पुरानी बस्तीतल्या आमच्या शेजारीण इंदुमावशी आष्टीकर. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती आणि मावशींच्या आवाजापुढे त्या भिंतीचं काही चालत नसे. सकाळी दात घासताना माझेच विचार मला पलीकडून ऐकू यायचे, मधे मधे मावशींच्या शेऱ्यांसकट. "हे काय लिहून ठेवलं बाप्पा यानं! काल तर उलटं म्हणे!" मी गुपचूप चूळ भरायचो.

मावशी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. परगावचा फोन मागून घ्यावा लागायचा आणि तो लागेपर्यंत माणूस जेवून यायचा, त्या काळातल्या. आष्टीकर काका रेल्वेत होते, ते लवकर गेले, आणि एकुलत्या एका प्रशांतला मावशींनी शिफ्ट ड्युट्या करत वाढवलं. सारी नोकरी जड हेडफोन लावून बसल्यामुळे त्यांची मान किंचित डावीकडे कलली होती ती रिटायर झाल्यावरही सरळ झाली नाही. त्यामुळे बोलताना समोरच्याला वाटायचं, आपलं म्हणणं यांना पटलेलं नाही. बहुतेक वेळा ते खरंच असायचं.

नोकरी सुटली तरी नोकरीची भाषा सुटली नव्हती. मावशींच्या जगात माणसं नव्हती, सगळ्या पार्ट्या होत्या. दूधवाली पार्टी, भाड्याची पार्टी, लग्न जमत नसलेली पार्टी. संध्याकाळी त्यांच्या बाहेरच्या खोलीत पाऱ्यातले, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले, चार लोक जमायचे, चहा व्हायचा, आणि मी माझ्या पुढच्या लेखाची रंगीत तालीम म्हणून व्याजदर, महागाई असलं काहीतरी सुरू करायचो. जुन्या ट्रंक कॉलला तीन मिनिटांची मुदत असे. मी रंगात आलो की मावशी मान आणखी कलती करून विचारायच्या, "तीन मिनिट झाले. वाढवायचे का?" कोणीही वाढवा म्हणत नसे.

रिटायर झाल्यावर मावशी काही दिवस फार उदास होत्या. मग कंपन्यांचे टोल-फ्री नंबर सुरू झाले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "पाह्य बरं," त्या मला म्हणाल्या, "फोन फुकट, अन् वरून पोट्टी मलेच विचारते, आपकी क्या सहायता करूँ! सारी जिंदगी हे वाक्य मी म्हटलं. आता कोणी मले म्हणून राहिलं."

यातूनच मावशींची कंपन्या पारखण्याची पद्धत निघाली. माझ्या सदरात एखाद्या कंपनीचं नाव आलं की त्या तिचा टोल-फ्री नंबर फिरवायच्या. घरात फ्रीज नसला तरी फ्रीजची तक्रार करायच्या. फोन किती वेळानं उचलला, उचलणाऱ्याचा श्वास कसा चाललाय, मागे गलका किती आहे, आणि धन्यवाद म्हणताना त्याला किती घाई झाली आहे, एवढं त्या ऐकायच्या. ताळेबंद वगैरे त्यांच्या लेखी गौण. फोन ठेवला की निकाल. "पोट्टी खुश आहे. पगार वेळेवर होऊन राहिला. घेऊन टाक शेअर." किंवा, "हा पोट्टा घाबरून राहिला, विनायक. याच्या पाठीमागं कोणी उभं आहे. हे कंपनी काही खरी नाही."

मी वरवर हसायचो. पण दर आठवड्याला लेख भरायचा म्हणजे खेळ नाही. हळूहळू मावशींचे निकाल 'विश्वसनीय सूत्रों के अनुसार' असं म्हणून माझ्या सदरात उतरू लागले. रायपूरच्या उन्हाळ्यात माणसाचं खरं दैवत कूलर. एका उन्हाळ्याच्या तोंडावर मावशींनी कूलरच्या एका कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं त्यांच्याशी भरपूर गप्पा मारल्या, स्वतःच्या ठरलेल्या लग्नाबद्दल सांगितलं, मावशींनी तिला शालूचा रंग सुचवला. निकाल: कंपनी उत्तम. मी लिहिलं, कंपनी का भविष्य उज्ज्वल है. ऐन मे महिन्यात त्या कंपनीनं आमच्या शहरातल्या दुरुस्ती केंद्राला कुलूप लावलं. लोक बंद पडलेले पंप पिशव्यांत घालून आमच्या कार्यालयात येऊ लागले. एकानं तर अख्खा कूलर आणून दिला. संपादकांनी तो माझ्या टेबलाशेजारी ठेवायला लावला.

मी तावातावानं मावशींकडे गेलो. त्या लसूण सोलत होत्या. "पोट्टी चांगलीच होती," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी कुठी म्हटलं का मालक चांगला आहे म्हणून? मालकाशी बोलणं झालंच नाही."

चुकीबद्दल मान खाली घालणं मावशींना ठाऊक नव्हतं, आणि मला तेच एक चांगलं जमत असल्यामुळे आमचं छान जुळलं. मावशी मला फार आवडायच्या. हे मी त्यांना कधी म्हटलं नाही, पण आवडायच्या.

मोबाइलच्या बाबतीत आमच्या दोघांची अब्रू एकदमच गेली. मोबाइल छत्तीसगडात चालणार नाही, कारण आलेल्या फोनचेही पैसे भरणारा माणूस इथे जन्माला यायचा आहे, असं मी लिहून चुकलो होतो. ते छापून आलं त्याच सकाळी आमच्या पानवाल्यानं खिशातून मोबाइल काढून मला दाखवला. मावशींनी मात्र माझा सल्ला धुडकावून तेलीबांध्याच्या तलावाजवळच्या नव्या शोरूममधून हँडसेट आणला. दुसऱ्या दिवशी मला हाक आली. "विनायक, सेट डेड आहे. टोनच येऊन नाही राहिला."

मी हँडसेट कानाला लावला. खरंच, टोन नव्हता. आयुष्यभर रिसीव्हर उचलला की घूं असा आवाज आधी आला पाहिजे आणि मगच नंबर फिरवायचा, हे दोघांच्याही हाडीमासी रुजलेलं. मावशींचं एक वेळ ठीक. पण मी त्या महिन्यात 'सही मोबाइल कैसे चुनें' हा लेख लिहिला होता. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. उलट "चला, बघतो त्यांच्याकडे" म्हणून मी मावशींना स्कूटरवर घालून शोरूममध्ये नेलं आणि पत्रकार असल्याचं ओळखपत्र काउंटरवर आपटलं. मॅनेजर बाई शांतपणे ऐकून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं, "सर, आपने नंबर डायल करके देखा?"

"टोन के बिना डायल कैसे करेंगे?" मावशी आणि मी एका सुरात म्हणालो.

बाईंनी आमच्यासमोर नंबर दाबला. शोरूममधला दुसरा फोन वाजला. परत येताना मी स्कूटर जरा जोरातच हाकली. मग मागून मावशी म्हणाल्या, "तिनं आपल्यावर हसू दाबलं ना, तेव्हाच मले समजलं. शोरूम चांगली आहे."

त्यानंतरच्या काही वर्षांत शहर फुगत गेलं. मॉल आले, लाल दिव्याच्या गाड्या आल्या, आणि माझं सदर चुकत-माकत चालूच राहिलं. प्रशांत पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला, तिकडेच संसार थाटला. आणि मावशींचा कान जाऊ लागला.

हे सगळ्यात आधी सुषमाच्या लक्षात आलं. मावशी टोल-फ्रीवाल्यांचं पूर्वी ऐकत बसायच्या, आता एकट्याच बोलत असायच्या. माझा लेख त्या पूर्वीपेक्षाही मोठ्यानं वाचायच्या. मी त्याचा अर्थ माझी लोकप्रियता वाढली असा काढला होता.

मग दिवाळीला प्रशांत आला आणि दाराबाहेर बेल वाजवत उभा राहिला. मावशी आत चकल्या तळत होत्या. शेवटी तो आमच्या गच्चीवरून उडी मारून आत गेला. "बेल खराब आहे," मावशी म्हणाल्या आणि बेल बदलून घेतली. नवी बेलही 'खराब' निघाली. तिसरी बेल त्यांनी अशी आणली की ती वाजली की पाऱ्यातल्या सगळ्या घरांची दारं उघडायची, एक मावशींचं सोडून. प्रशांतनं जाताना आमच्यासमोरच सांगितलं, "आई, एक तर कानाचं मशीन लाव, नाही तर पुण्याला चल. तू इथे एकटी, गॅस चालू राहिला, दार वाजलं, काहीच कळणार नाही तुला. मी दर रविवारी फोन करीन. माझं बोलणं तुला नीट ऐकू येत असेल तर राहा इथे. नसेल तर मी घ्यायला येईन."

पुण्याचं नाव निघालं की मावशींचा चेहरा पडायचा. या घरात त्या लग्न होऊन आल्या होत्या, काका इथेच गेले होते, आणि गल्लीच्या तोंडाच्या भाजीवालीपासून मंदिरातल्या पुजाऱ्यापर्यंत साऱ्यांवर त्यांची हुकमत होती. पुण्यात त्या सहाव्या मजल्यावरच्या कोणाच्या तरी सासूबाई झाल्या असत्या. पण मशीनही नको होतं. "सारी नोकरी कानाले मशीन लावून बसली मी," त्या म्हणायच्या. "रिटायर झाली त्या दिवशी काढलं. आता पुन्हा ड्युटी लावू काहून?"

नव्या वस्तूंचा तज्ज्ञ म्हणून प्रशांतनं मला गळ घातली, की दादा, तुम्हीच आईला पटवा. मी आधी सदरात कानाच्या मशीनवर लेख लिहिला. मावशींनी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "छान लिहिलं. हे मंदिरातल्या महाराजाले दाखव. त्याले काही ऐकू येत नाही." मग मी दुकानातून दाखवायला म्हणून एक मशीन मागून आणलं आणि किती आरामशीर असतं हे पटावं म्हणून स्वतःच्या कानात घातलं. ते शिट्टी वाजवू लागलं. काढायला गेलो तर आणखी आत गेलं. शेवटी सुषमानं केसातल्या पिनेनं ते बाहेर काढलं, तोवर मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

"हे लावू मी?" त्या म्हणाल्या. "अन् रविवारचं काय ते मी पाहून घेते. तू फक्त रसोईत ये."

मावशींच्या घरात दोन फोन होते, एकाच लाइनवरचे. एक बाहेरच्या खोलीत आणि एक स्वयंपाकघरात. मधलं दार उघडं ठेवलं की इकडून तिकडचं दिसायचं. बेत असा, की रविवारी प्रशांतचा फोन आला की मी स्वयंपाकघरातला रिसीव्हर हळूच उचलायचा, तो काय म्हणतो ते पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायचं, आणि मावशी बाहेरून उत्तर देणार. घंटी मात्र त्यांना कळायची. बाहेरच्या फोनवर त्यांनी हात ठेवलेला असायचा, फोन थरथरला की झालं.

आणि हे चाललं. पहिल्या रविवारी प्रशांत थक्क झाला. "आई, तुला तर सगळं ऐकू येतंय!" हे मी लिहिलं आणि मावशींनी पाटी वाचून मला डोळा मारला.

अडचण एकच होती, ती म्हणजे मी. बातम्या कापून आखूड करण्यात माझी हयात गेली होती. प्रशांत मुलीच्या शाळेच्या नाटकाबद्दल भरभरून बोलला. ती झाड झाली होती, एकच वाक्य होतं तेही विसरली आणि रंगमंचावर उभ्या उभ्या हसत सुटली. मी पाटीवर लिहिलं, 'नातीचा शाळेत सहभाग.' फोन झाल्यावर मावशी पाटी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"हे काय आहे रे? तो एवढा वेळ बोलून राहिला होता अन् तू तीन शब्द लिहिले."

"सारांश लिहिला, मावशी."

"पार्टीचे शब्द आपले नसतात, विनायक. जसे आले तसे पुढे द्यायचे."

त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या नोकरीतलं एक काम सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. पूर्वी लाइन खराब असली की दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचं ऐकू जात नसे, पण मधल्या ऑपरेटरला दोघांचंही थोडं थोडं ऐकू यायचं. मग ऑपरेटर इकडचं तिकडे सांगायची. कोण गेलं, कोणाला मुलगा झाला, कोण कोणावर रागावलं, सारं मावशींच्या तोंडून जायचं. 'ते म्हणतात मी येणार नाही.' 'त्या म्हणतात नका येऊ.' एकदा एका बाईला पलीकडून काही बोलवेचना. मावशींनी इकडच्या माणसाला सांगितलं, "थांबा. त्या रडून राहिल्या." अन् लाइन तशीच धरून ठेवली.

"त्याचे पैसे लागले असते ना त्याला?" मी विचारलं. माझ्या डोक्यात असलेच प्रश्न येतात.

मावशींनी पाटी पुसून माझ्या हातात दिली. 

मग मंदीचं वर्ष आलं. दूर अमेरिकेत बँका कोसळल्याच्या बातम्या येत होत्या आणि मी सदरात लिहिलं, की आपल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना याची झळ पोहोचणार नाही, तरुणांनी निश्चिंत राहावं. शनिवारी ते छापून आलं. रविवारी प्रशांतचा फोन आला.

त्याचा आवाज पहिल्या शब्दापासूनच वेगळा होता. "आई," तो म्हणाला, आणि मी तेवढं पाटीवर लिहिलं. बाहेरून मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "हव, बोल बेटा."

"आई, माझी नोकरी गेली. शुक्रवारी बोलावलं आणि कार्ड काढून घेतलं. घरी अजून सांगितलं नाही मी. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडावं लागेल आता, काही सुचत नाहीये." मग तो रडायला लागला. मोठा, टक्कल पडू लागलेला माणूस, आणि लहान मुलासारखा हुंदके देत होता. "तुला पुण्याला ये, पुण्याला ये म्हणतो ना, ते तुझ्या कानासाठी नाही गं. मलाच वाटतं, घरी आलो की तू असावीस."

मी खडू धरून बसलो होतो. हे असं मला लिहिता येईना. दुसऱ्याच्या घरातलं इतकं आतलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि माझ्या हाताला एकच भाषा ठाऊक होती. मी लिहिलं, 'नोकरीत बदल. काळजीचं कारण नाही.'

मावशींनी पाटी वाचली. मग माझा चेहरा वाचला. कान गेला होता, पण डोळे शाबूत होते. त्या फोनमध्ये म्हणाल्या, "बेटा, लाइन खराब आहे, मी पुन्हा लावते," रिसीव्हर ठेवला आणि स्वयंपाकघरात आल्या.

"काय म्हणाला तो?"

मी पाटीकडे बोट दाखवलं.

"हे नाही. त्यानं काय म्हटलं? जसं म्हटलं तसं सांग."

मी हळू आवाजात सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. थोडं मोठ्यानं सांगितलं. "काय?" त्या म्हणाल्या, आणि कान माझ्या तोंडाजवळ आणला. शेवटी मी ओरडलो. भर सकाळी, खिडक्या सताड उघड्या असताना, पुरानी बस्तीतल्या त्या गल्लीत मी जीव खाऊन ओरडलो, "तो रडत होता! नोकरी गेली! म्हणाला, घरी आलो की तू असावीस!"

बाहेर भाजीवालीनं तराजू खाली ठेवला. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई तशीच थांबली. भिंतीपलीकडे सुषमाच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज मला आला. साऱ्या गल्लीला कळलं, मग मावशींना.

मावशी स्वयंपाकघरातल्या पाटावर बसल्या. मला वाटलं, आता मला बोलणी बसतील. पण त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या. "साऱ्या गावाचं सुखदुःख माह्या कानातून गेलं," त्या म्हणाल्या. "अन् माह्या पोराचं रडणं मी पाटीवर वाचून राहिली." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मला स्वतःची इतकी लाज पुन्हा कधी वाटली नाही, आणि मी आयुष्यात लाज वाटण्याजोगं पुष्कळ छापलं आहे.

त्या दिवशी त्यांनी प्रशांतला फोन पुन्हा लावला, पण त्याला बोलू दिलं नाही. "लाइन अजून खराबच आहे. तू काही नको सांगू. मी आहे. पुढच्या रविवारी बोलू," एवढं दोनदा म्हणून ठेवला. मला रसोईत बोलावलं नाही.

सोमवारी सकाळी मी दाढी करत असताना पलीकडून पेपर वाचण्याचा आवाज आला नाही. सुषमा म्हणाली, मावशी रिक्षानं कुठेतरी गेल्या. दुपारी परत आल्या तेव्हा कानावर पदर घट्ट ओढलेला होता. आठवडाभर त्या कोणाशी फारसं बोलल्या नाहीत. संध्याकाळी माणसं जमली तरी नुसत्या बसायच्या, कुकरची शिट्टी झाली की दचकायच्या, आणि आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीनं असं बघायच्या, की हे लोक एवढा आवाज करतात हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

रविवार उजाडला. नेहमीच्या वेळेला मी मागच्या दारानं त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो आणि पाटी पुसून खडू घेऊन बसलो. खरं सांगायचं तर मी मनाशी ठरवून आलो होतो, की आज एक शब्दही कापायचा नाही, सगळं जसंच्या तसं लिहायचं, हुंदकासुद्धा. घंटी वाजली. बाहेरच्या खोलीत मावशींनी फोन उचलला. मी आतला रिसीव्हर हळूच उचलून कानाला लावला.

"आई?" प्रशांत म्हणाला.

"बोल," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज आज हळू होता. इतका हळू मी तो कधी ऐकला नव्हता. "घरी सांगितलं का?"

"नाही अजून."

"सांग. अन् नोकरी लागेपर्यंत तिघंही इकडे या. खोल्या रिकाम्या पडल्या आहेत." मग त्या थांबल्या. मधल्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. कललेली मान किंचित आणखी कलली. "थांब बेटा, एक मिनिट."

आणि मग रायपूरच्या साऱ्या जुन्या फोनवाल्यांना पाठ असेल असा तो कोरडा, खणखणीत, सरकारी आवाज माझ्या कानात आला. "लाइनवर कोण आहे? श्वास ऐकू येऊन राहिला. कृपया रिसीव्हर ठेवा. घरचं बोलणं सुरू आहे."

मी रिसीव्हर ठेवला.

त्यानंतर दोनच दिवसांत मला बिलासपूरच्या आवृत्तीवर पाठवलं आणि मावशींची माझी भेट पुन्हा झाली नाही. त्यामुळे माझ्याकडे त्या अजून तशाच आहेत. बाहेरच्या खोलीत, माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी फोन धरून बसलेल्या. त्या काहीच बोलत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या, आणि मी मागच्या दारानं बाहेर पडलो तरी ऐकतच होत्या.